सदाफुली, किरणे आणि वाढता मेंदू

चंद्रपूर-गडचिरोली भागातील शाळांच्या आवारात सदाफुलीचे एखादे तरी झुडूप हमखास सापडते. सुट्टीत कुणी पाणी घातले नाही तरी ते तग धरते आणि शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती आता आपल्या अंगणातलीच झाली आहे. शेळ्यांना नकोशा वाटणाऱ्या तिच्या पानांत अनेक कडू अल्कलॉइडे असतात. त्यांपैकी एकाचे नाव व्हिन्क्रिस्टीन. टनभर वाळलेल्या पानांतून ते जेमतेम काही ग्रॅम मिळते.

हे औषध शोधायला कुणी निघाले नव्हते. सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतात असे समजल्यावरून १९५२ मध्ये जमैकातून काही पाने कॅनडात पोहोचली. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर प्रयोग केले. रक्तातील साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. मधुमेहाच्या दृष्टीने प्रयोग फसला होता, पण वेगाने वाढणाऱ्या पेशींना रोखणारे काहीतरी हाती लागले होते. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये त्यातून व्हिन्ब्लास्टीन वेगळे केले. पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन मिळाले आणि १९६३ पासून ते रुग्णांना देता येऊ लागले. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे तर्कूतंतू आपण वर्गात शिकवतो. हे औषध त्या तंतूंची जुळणीच होऊ देत नाही.

मुलांच्या मेंदूतील गाठींच्या उपचारात हे औषध कसे आले, हे समजण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागेल.

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींमध्ये मेड्युलोब्लास्टोमा ही सर्वांत अधिक आढळणाऱ्यांपैकी एक. ती डोक्याच्या मागच्या भागात, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात वाढते. अमेरिकेतील शल्यविशारद हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी १९२५ मध्ये तिचे वर्णन करून तिला नाव दिले. कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य गुरू मानले जातात. त्यांनी १९३० मध्ये आपल्या ६१ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा तीन वर्षे जगलेला रुग्ण एकच होता. गाठ काढता येत होती, पण रोग जात नव्हता.

याचे कारण मेंदूच्या रचनेतच आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती प्रमस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. गाठीतून सुटलेल्या पेशी ओढ्यात पडलेल्या बियांप्रमाणे या द्रवाबरोबर वाहत जातात आणि दूरवर, अगदी कण्याच्या टोकापर्यंत रुजतात. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडिथ पॅटरसन यांनी यावरून सरळ निष्कर्ष काढला. किरणे केवळ गाठीच्या जागी न देता संपूर्ण मेंदूला आणि मज्जारज्जूला द्यायला हवीत. त्यांनी आणि फार यांनी १९५३ मध्ये २७ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते. ६१ मध्ये एक कुठे आणि शंभरात ६५ कुठे!

मात्र या यशाची किंमत हळूहळू कळत गेली. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, की एक ग्रे. मेंदू व कण्याला साधारण ३६ ग्रे आणि गाठीच्या भागाला एकूण ५४ ते ५५ ग्रे अशी मात्रा रूढ झाली. विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घेण्यासारखे आहे. एक किलोग्रॅम पाण्याला ३६ ज्यूल उष्णता दिली, तर त्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागानेही वाढत नाही! म्हणजे किरणे पेशी भाजून काढत नाहीत. ती पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. विभाजन होणाऱ्या गाठीच्या पेशींना ही मोडतोड सोसत नाही. पण वाढत्या वयातील मेंदूही याच काळात चेतातंतूंवर आवरणे चढवत असतो, नवी जोडणी करत असतो. बरी झालेली मुले शाळेत परतली, तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीत, लक्ष देण्यात आणि कामाच्या वेगात उणेपणा दिसू लागला. वय जितके लहान, तितके नुकसान अधिक. मणक्यांची वाढ खुंटे, संप्रेरके कमी पडत. मूल वाचले, पण कोणत्या अवस्थेत, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राहिला.

इथे औषधांचा प्रवेश झाला. १९७०च्या दशकात युरोपात आणि अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर केवळ किरणोपचार, तर दुसऱ्याला किरणोपचारासह व्हिन्क्रिस्टीन आणि सीसीएनयू. सीसीएनयू हे मेदात विरघळणारे औषध असल्याने रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडू शकते. अमेरिकेतील चाचणीत २३३ मुले होती. पाच वर्षे रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण औषधे घेतलेल्या गटात ५९ टक्के, तर न घेतलेल्या गटात ५० टक्के आले. हा फरक पुराव्याच्या कसोटीवर भक्कम ठरला नाही. परंतु ज्यांची गाठ फार वाढलेली किंवा पसरलेली होती, अशा मुलांना औषधांचा स्पष्ट लाभ दिसला. म्हणजे ‘औषध उपयोगी आहे का?’ हा प्रश्नच अपुरा होता. ‘कोणाला उपयोगी आहे?’ असे विचारायला हवे होते.

मग आणखी एक प्रश्न पुढे आला. औषधांच्या आधाराने किरणांची मात्रा कमी करता येईल का? कण्याची व मेंदूची मात्रा ३६ वरून २३.४ ग्रेवर आणून, औषधे न देता केलेल्या चाचणीत रोग अधिक वेळा उलटला आणि चाचणी लवकर थांबवावी लागली. त्यानंतर रॉजर पॅकर आणि सहकाऱ्यांनी तीच कमी मात्रा औषधांसह दिली. किरणोपचार चालू असताना व्हिन्क्रिस्टीन आणि पुढे सुमारे वर्षभर व्हिन्क्रिस्टीन, सीसीएनयू व सिस्प्लॅटिन, असा हा क्रम होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात रोग न पसरलेली ६५ मुले होती आणि पाच वर्षांनंतर रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ७९ टक्के होते. औषधांनी किरणांचा एक तृतीयांशाहून अधिक भार उचलला होता. हा भारही फुकट उचलला गेला नाही. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होऊ शकते, तर व्हिन्क्रिस्टीनने हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. शिवाय व्हिन्क्रिस्टीनचा मोठा रेणू मेंदूत फारसा शिरत नाही, त्यामुळे या मिश्रणात त्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे.

आपल्याकडे या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथील तेजपाल गुप्ता, राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग चाचपून पाहिला. २००६ ते २०१० या काळात त्यांनी मेड्युलोब्लास्टोमा झालेल्या २० मुलांना ३६ ग्रे मात्रा एक-एक ग्रेच्या ३६ हप्त्यांत, दिवसातून दोनदा दिली आणि सुरुवातीला औषधे दिली नाहीत. दोन हप्त्यांमधील वेळात निरोगी चेतापेशींना स्वतःची डागडुजी करता यावी, हा हेतू होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांची बौद्धिक क्षमता टिकून राहिल्याचे दिसले. वीस मुलांवरून सार्वत्रिक नियम करता येत नाही, पण प्रश्न आपल्या परिस्थितीतून आलेला होता. वर्षभर घातक औषधे झेपवणे जिथे अवघड, तिथे काय करावे? सौम्य स्वरूपाच्या इतर मेंदूगाठींसाठी जलाली यांच्या गटाने २०० मुलांची व तरुणांची तुलनात्मक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. किरणे नेमक्या आकारात गाठीवर रोखल्यास बुद्धीची आणि संप्रेरकांची हानी कमी होते, असे त्यातून दिसले.

दरम्यान मेड्युलोब्लास्टोमा हा एक रोग नसून जनुकीय घडणीनुसार त्याचे चार मुख्य गट आहेत, हे स्पष्ट झाले. नवी मुंबईतील खारघर येथील संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये हे गट ओळखण्याची एक चाचणी मांडली. मेणात जपून ठेवलेल्या ऊतीच्या तुकड्यावरही ती करता येते. असा तुकडा गोठवून न ठेवता कुठूनही पाठवता येतो, आणि लांबच्या जिल्ह्यांसाठी ही गोष्ट लहान नाही. या चार गटांपैकी डब्ल्यूएनटी गट सर्वांत सौम्य. तेव्हा त्या मुलांना कण्याचे किरण टाळता येतील का, हेही टाटा रुग्णालयाने तपासले. काही मुलांत रोग मेंदू-कण्यात उलटला आणि प्रयोग थांबवण्यात आला. मात्रा कमी करण्यालाही तळ असतो. किरणे संपूर्ण मेंदूला आणि मज्जारज्जूला द्यायला हवीत, हे एडिथ पॅटरसन यांचे जुने म्हणणे पुन्हा खरे ठरले.

आता पुन्हा सदाफुलीच्या अंगणात येऊ. किरणोपचार म्हणजे साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. सिरोंचाहून गडचिरोली शहरच दोनशे किलोमीटरहून लांब. नागपूर आणखी पुढे आणि मुंबई तर एक रात्र पलीकडे. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किरणोपचार मिळतो. चंद्रपुरातही राज्य शासन आणि टाटा न्यास यांच्या सहभागातून कर्करोग रुग्णालयाचे काम हाती घेण्यात आले. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होते. तीच आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाच्या उपचारांचा तीत समावेश आहे. तरी आईबापांचा रोज बुडतो, धानाची रोवणी राहते आणि किरणोपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका असतो. मधे खंड पडला तर गाठीच्या पेशींना सावरायला उसंत मिळते. ग्रेच्या हिशेबात हे अंतर कुठे मांडलेले नसते, पण उपचाराचा निकाल त्यावरही ठरतो.

या साखळीचे पहिले आणि शेवटचे टोक शिक्षकाच्या हाती आहे, असे आम्हांला वाटते. गडचिरोलीत डोके दुखते, उलटी होते म्हटले की प्रथम हिवताप आठवतो, आणि रक्त तपासून घेणे योग्यच. पण ताप नसताना सकाळी उठल्यावर डोके दुखणे, उलटी झाल्यावर बरे वाटणे, चालताना झोके जाणे, एकाएकी डोळा तिरळा होणे, मान एका बाजूला कलती राहणे, चांगले अक्षर बिघडत जाणे, ही चिन्हे आठवडे-दोन आठवडे टिकली तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. शाळा तपासणीसाठी येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही ती आवर्जून सांगावीत. बहुतेकदा कारण साधेच निघेल. कधीतरी मात्र वर्गातील ही नोंदच मुलाला वेळेत पुढे नेईल.

आणि ते मूल परत येईल तेव्हा? ते सावकाश लिहील, फळ्यावरचे उतरवताना मागे पडेल, कदाचित एका कानाने कमी ऐकेल. तो आळस नव्हे, त्याचा जीव वाचवण्यासाठी मोजलेली ती किंमत आहे. ती कमी व्हावी म्हणून शंभर वर्षे माणसे दशांश-दशांशाने हिशेब जुळवत आली. पहिल्या बाकावरची जागा आणि उत्तरपत्रिकेसाठी थोडा अधिक वेळ, एवढी भर त्या हिशेबात आपल्यालाही घालता येईल.