मान, हात आणि मर्दनविद्या

मान अवघडली म्हणजे आपल्या घरांत प्रथम उशीला दोष देतात, मग वाऱ्याला, आणि शेवटीं तेलाची वाटी पुढें येते. साध्या अवघडण्याला तेवढें पुरतेंहि. परंतु जें दुखणें मानेंत उगम पावून दंडांत उतरतें आणि बोटांच्या टोकांशीं मुंग्यांच्या रूपानें प्रकट होतें, तें तेलाला सहसा दाद देत नाहीं.

या दुखण्याची ओळख आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांत वातव्याधींचें वर्णन करतांना 'विश्वाची' या नांवाचा एक व्याधि सांगितला आहे. बाहूच्या मागील अंगानें बोटांकडे जाणाऱ्या कंडरा दूषित झाल्या म्हणजे हाताचें कर्म थांबतें, असें त्याचें लक्षण. लगतच पायाची गृध्रसी येते. एक पायाची, दुसरी हाताची, अशी जोडी लावणाऱ्याची दृष्टि सूक्ष्म होती, असें म्हटलें पाहिजे. त्यावर अभ्यंग आणि स्वेदन हे उपचार वैद्यांच्या घरीं चालत आले. पुण्याच्या पेठांतील तालमींतून मालिश हें तर कुस्तीइतकेंच महत्त्वाचें अंग मानलें जाई. आणि निखळलेला सांधा बसविण्यास लोक हाडवैद्याकडे जात. या मंडळींच्या बोटांना विलक्षण जाण असे. मात्र ती जाण लिहून ठेवण्याची रीत नव्हती, म्हणून ती माणसाबरोबरच लोपली.

युरोपांत याच विद्येला शाळा मिळाली. 1813 सालीं स्टॉकहोम येथें लिंग नांवाच्या गृहस्थानें व्यायाम व मर्दन यांची राजमान्य संस्था काढली. लंडनमध्यें मात्र मर्दनाच्या नांवाखालीं अनाचार चालतो अशी ओरड झाली, तेव्हां 1894 मध्यें चार परिचारिकांनीं एकत्र येऊन परीक्षा व नियम असलेला आपला संघ स्थापिला. आजच्या भौतिकोपचाराचा, म्हणजे लोक ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याचा, इंग्लंडांतील वंश त्या चौघींपर्यंत पोंचतो.

तरीसुद्धां हात कां दुखतो, हें कोडें सुटलें नव्हतें. 1943 सालीं सेम्स व मर्फी या अमेरिकन शल्यवैद्यांनीं चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची लक्षणें हृद्रोगासारखीं दिसत होतीं. प्रत्यक्षांत मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून सातव्या मज्जातंतूचें मूळ दाबलें गेलें होतें. मानेंत मणके सात असले तरी मज्जातंतूंच्या जोड्या आठ आहेत. त्यांपैकीं खालच्या चार आणि पाठीची पहिली मिळून हाताला जाणारें जाळें विणलें जातें. म्हणून दुखणें करंगळीचें असलें तरी त्याचा शोध कधीं कधीं मानेंत घ्यावा लागतो. उलट, छातींत कळ येऊन डावा हात भरून आला, तर तें मानेचेंच असेल अशी समजूत करून घेऊन घरीं बसणें हा जिवाशीं खेळ होय.

पुण्यांत 1944 सालीं युद्धांत जायबंदी झालेल्या शिपायांसाठीं कृत्रिम अवयव केंद्र निघालें. 1950 नंतर लवकरच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें शिक्षण सुरूं झालें. त्यामागें बालपक्षाघाताच्या रोग्यांची निकड होती.

परंतु पुण्याचें नांव या बाबतींत जगभर झालें तें निराळ्या मार्गानें. 1937 सालीं अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर योगासनें शिकविण्यास सहा महिन्यांच्या बोलीवर आले, आणि पुणेंकरच होऊन गेले. 1952 मध्यें प्रसिद्ध व्हायोलिनवादक यहूदी मेन्यूहिन मुंबईस आले असतां दोघांची गांठ पडली. व्हायोलिन हनुवटीखालीं धरून तासन् तास मान एका अंगाला ठेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंची दशा काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. भेट पांच मिनिटांची ठरली होती, ती तीन तासांवर लांबली. पुढें मेन्यूहिन यांनीं त्यांना स्वित्झर्लंडला नेलें, आणि आपला सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असा मजकूर कोरलेलें घड्याळ भेट दिलें! 1979 मध्यें स्कूटरच्या अपघातांत अय्यंगारांचा स्वतःचाच खांदा व कणा दुखावला, तेव्हां त्यांना साठीच्या वयांत आसनें जवळजवळ पुन्हां शिकावीं लागलीं.

योगायोगानें त्याच 1979 सालीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथील भौतिकोपचारक रॉबर्ट एल्व्ही यांनीं मज्जातंतूच्या ताणाची एक परीक्षा मांडली. ती समजण्यास सायकलीचें ज्ञान पुरे, आणि तें पुणेंकरांस शिकवावें लागत नाहीं. ब्रेकची तार आपल्या वेष्टणांत सरकते तसा मज्जातंतु हात हलतांना आजूबाजूच्या मांसांतून सरकतो. तो सुजून हळवा झाला म्हणजे साधी हालचालहि सोसत नाहीं. एल्व्ही हात बाजूला पसरून मनगट मागें वाकवीत, कोपर सावकाश सरळ करीत, आणि मग मान दुसऱ्या अंगास झुकवीत. थोडा ताण निरोगी माणसालाहि जाणवतो. पण रोग्याची नेहमींचीच कळ उठली आणि मान हलवितांच ती कमीजास्त झाली, तर संशय मज्जातंतूवर जातो. उपचारहि याच विचारांतून निघाला. तार ओढावयाची नाहीं, सैल करावयाची. हात आधारावर ठेवून मानेचे मणके दुखऱ्या बाजूपासून दूर, अलगद सरकवावयाचे. झटका म्हणून द्यावयाचा नाहीं.

2012 सालीं ऑस्ट्रेलियांत झालेल्या एका तुलनेंत अशा उपचारानें चार आठवड्यांत, नुसत्या सल्ल्यापेक्षां अधिक रोग्यांस आराम पडल्याचें आढळलें. अर्थात् पुष्कळ रोगी कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं आपोआपहि सुधारतात, हें उपचारकानें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

केशकर्तनालयांत दाढीनंतर कट्कन् मान मोडून घेण्याची हौस कित्येकांस असते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी जातात. अशा झटक्यानें त्यांचें अस्तर फाटून अर्धांगवायु झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. आणि हातांतून कपबशी गळूं लागली, सदऱ्याचीं बटणें लावतां येईनाशीं झालीं, किंवा चालतांना तोल जाऊं लागला, तर त्या दिवसापासून सर्व मर्दन बंद ठेवून प्रथम डॉक्टरांना दाखवावें.