व्हिडिओ कॅमेऱ्यातला एचडी फॉरमॅट कसा निवडावा?

घरातला निकाह, शाळेचं स्नेहसंमेलन किंवा मोहल्ल्यातला मुशायरा पुन्हा चित्रित करता येत नाही. तरीही आपल्यापैकी बरेच जण कॅमेरा आणतात आणि मेनूत जे आधीपासून लावलेलं असेल त्यावरच शूटिंग करतात. १०८०आय, ५०पी, एव्हीसीएचडी, एमपी४ ही नावं गोंधळात टाकतात, हे खरं. पण त्यांचा अर्थ कळायला दहा मिनिटं पुरतात. वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : चांगल्या दर्जाचं चित्रीकरण नंतर कमी करता येतं, मात्र कमी दर्जात घेतलेलं नंतर खऱ्या अर्थाने वाढवता येत नाही. म्हणून निर्णय रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीच घ्यावा लागतो.

चित्राचा आकार

७२०पी म्हणजे १२८० बाय ७२० ठिपके, एकूण सुमारे ९ लाख. १०८० म्हणजे १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. यालाच फुल एचडी म्हणतात. फक्त मोबाइलवर पाठवायचं असेल तर ७२०पी भागतं. मोठ्या टीव्हीवर पाहायचं किंवा जपून ठेवायचं असेल तर १०८० च घ्यावं.

'आय' आणि 'पी' मधला फरक

१०८०आय मध्ये प्रत्येक चित्राच्या ओळी दोन हिश्श्यांत टिपल्या जातात. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. टीव्ही प्रसारणासाठी ही पद्धत सोयीची होती. पण कॉम्प्युटर किंवा मोबाइलवर पाहताना हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसू शकतात. 'पी' मध्ये पूर्ण चित्र एकदम टिपलं जातं. आज पाहणारे बहुतेक पडदे 'पी' पद्धतीचेच आहेत, त्यामुळे दोन्ही पर्याय असतील तर 'पी' निवडावं.

२५, ५० की ६०?

हा आकडा म्हणजे सेकंदाला किती चित्रं. २५पी मध्ये कॅमेरा जोरात फिरवला की चित्र अडखळतं. ५०पी मध्ये हालचाल सफाईदार दिसते, आणि एडिटिंगमध्ये वेग निम्मा करून संथ दृश्यही करता येतं. मुलं धावतायत, क्रिकेट चालू आहे, तर ५०पी. कोणी बसून बोलतंय, तर २५पी पुरेसं आहे.

मग ६० का नको? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. ६०पी वर शूट केलं तर चित्र फडफडतं किंवा पट्टे सरकताना दिसतात. मेनूत 'पाल' आणि 'एनटीएससी' असे पर्याय असतील तर भारतात 'पाल' ठेवावं. हॉलमध्ये शूट करताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की हा त्रास बहुतेक वेळा जातो.

एव्हीसीएचडी की एमपी४?

एव्हीसीएचडी हा फॉरमॅट सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणला. सुरुवातीला त्याची मर्यादा सेकंदाला २४ मेगाबिट होती; २०११ मध्ये १०८०/५०पी ची भर पडली आणि ती २८ मेगाबिट झाली. याच्या फाइलींना एमटीएस म्हणतात. लांब शूटिंग कार्डावर तुकड्यांत साठवलं जातं, म्हणून एकेक एमटीएस फाइल उचलू नये, अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करावा. नाहीतर जोडाच्या ठिकाणी आवाज किंवा चित्र उडी मारतं.

एमपी४ हाताळायला सोपा. मोबाइलवर लगेच चालतो, पाठवायलाही सोयीचा. पण साधारणपणे त्याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग बंद करताना लिहिली जाते. मध्येच बॅटरी संपली किंवा वायर निघाली तर ती फाइल उघडतच नाही, असं होऊ शकतं. एमटीएस छोट्या छोट्या पाकिटांत लिहिली जाते, त्यामुळे तोवरचं चित्रीकरण वाचण्याची शक्यता जास्त. लांब कार्यक्रमाला एमपी४ वापरत असाल तर दर अर्ध्या तासाने, योग्य जागा बघून, रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करावं.

काही कॅमेऱ्यांत एक्सएव्हीसी एस असतो. यात फुल एचडी साधारण ५० मेगाबिटवर मिळतं. अंधुक उजेड, जरीचे कपडे, लुकलुकणाऱ्या माळा अशा दृश्यांत फरक दिसतो.

कार्डाचा हिशेब

मेगाबिटला ८ ने भागलं की सेकंदाचे मेगाबाइट मिळतात. २८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला ३.५ मेगाबाइट, तासाला सुमारे १२.६ जीबी. ३२ जीबी कार्डात अडीच तासांच्या आतबाहेर मावतं. ५० मेगाबिटला तासाला सुमारे २२.५ जीबी लागतात, म्हणजे तेच कार्ड सव्वा-दीड तासात भरतं. कार्ड किमान क्लास १० चं घ्यावं. शूटिंगच्या आदल्या दिवशी आतला डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं.

थोडक्यात

निकाह, वलिमा, मोठा जलसा : १०८०/५०पी, एव्हीसीएचडी किंवा एक्सएव्हीसी एस, सोबत एक जादा कार्ड.
घरातल्या बुजुर्गांच्या आठवणी : १०८०/२५पी, कॅमेऱ्यात असेल तेवढा जास्त बिटरेट. इथे चित्राइतकाच आवाज महत्त्वाचा, म्हणून पंखा बंद करून माइक जवळ ठेवावा.
लगेच मोबाइलवर पाठवायची छोटी क्लिप : एमपी४, ७२०पी.

कार्यक्रमाच्या आधी घरी पाच मिनिटं शूट करून ते टीव्ही, कॉम्प्युटर आणि मोबाइल तिन्हीवर चालवून बघावं. आणि एडिटिंग झालं तरी कार्डावरची मूळ फाइल पुसू नये. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत उतरली, उघडून पाहिली, मगच कार्ड रिकामं करावं.