तीन आणे की पंधरा आणे?

रुपयाचे सोळा आणे, हा हिशेब आता आजीआजोबांच्या तोंडीच ऐकू येतो. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली आणि सरकारी दप्तरातून आणा गेला. पण लोकांच्या बोलण्यातून तो काही लगेच हटला नाही. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६३ साली, दिल्लीच्या लोकसभेत एक मोठा वाद झाला, तोही आण्यांतच. या देशातला गरीब माणूस दिवसाला किती आण्यांवर जगतो, हा त्या वादाचा विषय. वाचकहो, आज त्या वादाची थोडी उजळणी करू.

आधी काळ लक्षात घ्या. १९६२ च्या चिनी आक्रमणाला वर्षही झाले नव्हते. संरक्षणाचा खर्च एकदम वाढला होता, तेव्हा करही वाढले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. सोन्यावर नियंत्रण आले, सक्तीची बचत आली, आणि घरोघर कुरकुर सुरू झाली. अशातच १९६३ च्या पोटनिवडणुकांत विरोधी पक्षांची तीन मोठी माणसे लोकसभेत येऊन बसली : अमरोह्याहून आचार्य कृपलानी, राजकोटहून मिनू मसानी आणि फरुखाबादहून डॉ. राममनोहर लोहिया.

त्याच ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत चर्चेला आलेला हा असा पहिलाच ठराव. चार दिवस चर्चा झाली. निकाल काय लागणार हे सगळ्यांनाच ठाऊक होते. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. मतांच्या हिशेबाने पाहिले तर प्रकरण तिथेच मिटले. पण त्या चर्चेतला एक आकडा सभागृहाबाहेर पडला आणि चावडीवर, चहाच्या दुकानात जाऊन बसला.

लोहिया हिंदीत बोलले. त्यांचे म्हणणे असे, की देशातले २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर दिवस काढतात, आणि पंतप्रधानांवर मात्र दिवसाला २५,००० रुपये खर्च होतात. यातला दुसरा भाग बोचरा होता. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. तो आपण बाजूला ठेवू. खरी गोष्ट पहिल्या भागात आहे. नेहरूंनी तीन आण्यांचा आकडा साफ नाकारला. त्यांच्या मते तो पंधरा आणे होता. पुढे सप्टेंबरात या एकाच प्रश्नावर पुन्हा चर्चा झाली, तेव्हा नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी तिसराच आकडा पुढे केला : साडेसात आणे.

आता तुम्ही म्हणाल, तीन शहाणी माणसे, देश एक, आणि आकडे तीन! यातले खोटे कोण बोलत होते? गंमत अशी, की पंधरा आण्यांचा आकडाही खोटा म्हणता येत नाही. देशाचे एकूण उत्पन्न घ्या, त्याला लोकसंख्येने भागा, वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागा. उत्तर पंधरा आण्यांच्या जवळपास येते. पण ही झाली सरासरी. एका वस्तीत दहा माणसे आहेत असे समजा. एकाला रोज १०५ आणे मिळतात, उरलेल्या नऊ जणांना पाच-पाच आणे. बेरीज १५० आणे, सरासरी पंधरा. गणित बिनचूक आहे. पण त्या वस्तीत पंधरा आणे मिळवणारा माणूस शोधायला गेलात, तर एकही सापडणार नाही.

लोहियांचा प्रश्न त्या नऊ जणांविषयी होता. २७ कोटी म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येचे सुमारे ६० टक्के. तीन आण्यांचा त्यांचा अंदाज फार खाली गेला असे मानायला जागा आहे. पण नंदांनी याच तळच्या ६० टक्क्यांचा म्हणून साडेसात आण्यांचा आकडा दिला, तेव्हा प्रश्न विचारण्याची रीत बरोबर होती हे सरकारच्या बाजूनेच मान्य झाले. सरासरी सोडून सगळेच तळाकडे पाहू लागले.

आणि आता एक हिशेब तुम्हीच करून पाहा. १९६२ साली नियोजन मंडळाच्या एका अभ्यासगटाने माणशी महिना २० रुपये ही जगण्याची किमान पातळी ठरवली होती. म्हणजे दिवसाला पावणेअकरा आण्यांच्या आसपास. नंदांचे साडेसात आणे महिन्याला भरतात १४ रुपये १ आणा. तेव्हा लोहियांचा आकडा क्षणभर विसरा. सरकारचेच दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले, तरी अर्ध्याहून अधिक देश किमान पातळीच्या खाली बसतो. सभागृहातल्या वादाचे खरे फलित हेच म्हणायला हवे.

ही नुसती शाब्दिक चकमक नव्हती, हे पुढच्या घडामोडींवरून दिसते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी पोटापासून सुरुवात केली. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढले. १९६०-६१ साली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे त्या रेषेखाली होती, असा त्यांचा निष्कर्ष. आणि उपाय काय? तर ज्याच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही, त्याला काम द्या. महाराष्ट्रात याच दिशेने विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे धडपडत होते. त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

वाद मात्र संपला नाही. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी रोज ३२ रुपये आणि खेड्यासाठी २६ रुपये ही रेषा सांगितली, तेव्हा पुन्हा तसाच गहजब झाला. आण्यांचे रुपये झाले होते, पण प्रश्न तोच होता.

लोकसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तान्त ग्रंथालयांत आहेत. १९६३ चा खंड जरूर उघडून पाहा. आणि उद्याच्या वर्तमानपत्रात दरडोई उत्पन्नाचा आकडा वाचलात, की घाईने पान उलटू नका. आकडा उत्पन्नाचा की खर्चाचा? सगळ्यांचा मिळून की तळच्यांचा? आणि आपल्याकडे धुणीभांडी करायला येणारी बाई त्या आकड्यात कुठे बसते? एवढे तीन प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.