तळटीप : रोवणीवालीचे हात

१. ‘हात सुरकुतलेले, दंड मात्र कोवळे’ : मौदा भागात धानाच्या रोवणीला वाकणाऱ्या बायांच्या अंगावर हा फरक आजही दिसतो. बाहीखालची कातडी तुकतुकीत, मनगटापुढची चरबट. कातडीला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन वयाने घटतेच. पण उन्हातले अतिनील किरण ते वेळेआधीच तोडतात. त्याची तीनपेडी रचना मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये उलगडली, ही आपल्या विज्ञानातली फार मोठी कामगिरी. शरीर कोलॅजेन स्वतः घडवते. त्याला क जीवनसत्त्व लागते, आणि ते आवळ्या-पेरूत भरपूर असते. महागड्या कोलॅजेन क्रीममधले मोठे रेणू कातडीत खोल उतरत नाहीत. लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून बांधीत उतरण्याची बायांची रीत त्याहून कितीतरी गुणकारी.