झीलकऱ्यांची नावे कोणी लिहायची?

आमच्या द्रोणागिरीत १४ एप्रिलच्या तयारीची बैठक होती. दोन तास वाद झाला. डीजे लावायचा की गायन पार्टी बोलवायची, एवढाच विषय. पोरांचा कल डीजेकडे, म्हाताऱ्यांचा पार्टीकडे, आणि वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्यांचा कल जे स्वस्त पडेल त्याकडे. गोदीतून निवृत्त झालेले एक काका इतका वेळ गप्प बसले होते. त्यांनी पिशवीतून ओल लागून फुगलेली एक वही काढली. त्यांच्या जुन्या पार्टीची वही. गाणी होतीच, पण मागच्या पानावर हिशेबही होता : ढोलकीला पुडी बसवली, एवढे रुपये, एस.टी.चे भाडे, एवढे रुपये. त्याखाली सात माणसांची नावे. पहिल्या नावापुढे 'गायक', दुसऱ्यापुढे 'पेटी', तिसऱ्यापुढे 'ढोलकी' आणि उरलेल्या चौघांपुढे मिळून एकच शब्द, 'कोरस'.

काका त्या चौघांपैकी एक. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याची ओळ उचलून धरली. त्या रात्री आम्ही घरी गेलो ते एक प्रश्न घेऊन. आपल्या चळवळीच्या गाण्याचा इतिहास आपण सांगतो, त्यात ही माणसे कुठे आहेत?

भीमराव कर्डकांचे नाव आपण घेतो. वामनदादा कर्डकांचे घेतो. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर ही नावे आपल्या घराघरांत आहेत, आणि असायलाच हवीत. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीने कर्डकांचा एक जलसा तोलला होता, ही आठवण तर प्रत्येक भाषणात येते. पण जलसा म्हणजे एकट्याचे गाणे नव्हे. झील धरणारे नसतील तर शाहीर कडव्याच्या शेवटी तोंडघशी पडेल. गायक ध्रुवपद टाकतो, कोरस ते झेलतो. कोरस दोनदा-तीनदा ओळ घोळवतो तेवढ्यात गायक दम घेतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो, पुढचे कडवे जुळवतो. पण खरे काम वेगळेच. तिसऱ्यांदा ती ओळ म्हटली जाते तेव्हा समोर बसलेली माणसेही ती म्हणू लागलेली असतात. ज्या वस्तीत माईक नव्हता आणि वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याएवढी होती, त्या वस्तीत लाउडस्पीकरही कोरसच होता आणि पुस्तकही तोच. बाबासाहेबांची पत्रे वाचून दाखवायला एक माणूस पुरत असे, पण त्यातला विचार पाठ व्हायला झीलकरी लागले.

हे तंत्र कुठून आले? महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या प्रचारासाठी सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि १९१०-२० च्या दशकांत गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतला माल बदलला. गण गणपतीचा असायचा, तो निर्मिकाचा झाला. गवळण, बतावणी, वग यांच्या जागी भटशाही, सावकारी, शिक्षण, लग्नातला खर्च हे विषय आले. महाडच्या सत्याग्रहानंतर, १९२७ च्या पुढे, हेच रूप अस्पृश्य तरुणांनी हातात घेतले. पाण्याचा हक्क, १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३५ ची येवल्याची घोषणा, १९३६ साली निघालेला स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९३७ ची निवडणूक, असा एकेक टप्पा जलशात गेला. भीमराव कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले. जलसेकारानेच जलशाचा इतिहास लिहावा, ही साधी गोष्ट नाही. विद्यापीठाने तोवर त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले तेव्हाही सामाजिक चळवळींच्या पेपरात जलसा अर्ध्या ओळीत उरकला होता. मराठी रंगभूमीचा इतिहास मात्र संगीत नाटकांच्या तपशिलाने भरलेला. कोणत्या पदाला कोणता राग, हेसुद्धा त्यात असते.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा. चवदार तळे याच जिल्ह्यात. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. या मातीत गाण्याबजावण्याची परंपरा काही जलशापासून सुरू झाली नाही. आपली माणसे वाजवतच होती. कोकणात खालू बाजा होता : ढोल, टिमकी, सनई. गावाच्या सणाला, लग्नाला, पालखीला महारांनी वाजवायचे. ज्या मिरवणुकीत आपण वाजवतो तिच्या देवळात पाऊल टाकायचे नाही. ज्या लग्नात वाजवतो त्या पंगतीत बसायचे नाही. पायरीशी उभे राहून मिळेल ते घ्यायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले, ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. वतन म्हणजे राबायचे कायम आणि मजुरी मात्र गावाच्या मर्जीवर.

म्हणून अनेक वाड्यांनी खालू बाजा टाकला. आजकाल काही अभ्यासक हळहळतात, केवढी लोककला गेली म्हणून. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो : वाजवणाऱ्याला नाही म्हणायची सोय होती का? ज्या दिवशी त्याने नाही म्हटले, त्या दिवशी तो प्रथमच कलावंत झाला. आणि ढोल खाली ठेवणारी तीच माणसे संध्याकाळी समाजमंदिरात ढोलकी घेऊन बसली. हात तेच होते. फक्त आता कोणी बोलावले म्हणून नाही, स्वतःला वाटले म्हणून. हौशी गायन म्हणजे काय याची व्याख्या कोणी विचारली तर आम्ही हा फरक सांगू. बिदागी न घेणे म्हणजे हौस, ही व्याख्या पोट भरलेल्यांची. बलुत्याच्या बदल्यात वाजवणाऱ्यासाठी हौस म्हणजे स्वातंत्र्य.

मुंबईत गेलेल्या कोकण्यांनी हे काम पुढे नेले. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एकेका खोलीत गावाकडचे आठ-दहा पुरुष राहत. बायका-पोरे गावी. गिरणीची पाळी, गोदीची पाळी, रेल्वेची, म्युनिसिपालटीची. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून तालीम जमायची ती रात्री उशिरा किंवा सुटीच्या दिवशी. कोरसमधला एखादा रात्रपाळीला गेला की शेजारच्या खोलीतला पोरगा त्याच्या जागी बसे आणि असाच तयार होई. वामनदादा सिन्नरजवळच्या देशवंडीचे, ते मुंबईत आल्यावर, मोठेपणी लिहा-वाचायला शिकले आणि १९४३ पासून गाणी रचू लागले, ते याच वस्त्यांत. सिनेमाच्या चाली त्यांनी मुद्दाम घेतल्या. चाल ओळखीची असली की कोरसला शिकवावी लागत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. यावर नाक मुरडणाऱ्यांनी कधी रात्रपाळी करून तालीम केलेली नसते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण आफ्रिकेत खाणीत आणि कारखान्यात कामाला आलेले झुलू पुरुष असेच वसतिगृहांत कोंबलेले होते. त्यांनी पुरुषांच्या गायनाचा 'इसिकाथामिया' हा प्रकार घडवला. शनिवारी रात्री सुरू झालेले त्यांचे सामने पहाटेपर्यंत चालत. आपल्याकडच्या दोन पार्ट्यांच्या सामन्याचाच हा सख्खा भाऊ. सॉलोमन लिंडा या कामगाराने १९३९ साली आपल्या पार्टीसह 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते पुढे जगभर गाजले, त्यावर लोकांनी अमाप पैसा केला. लिंडा १९६२ साली गरिबीतच गेला. त्याचे नाव निदान उशिरा का होईना जगाला कळले. त्याच्यामागे उभे राहून सूर धरणाऱ्यांची नावे किती जणांना माहीत आहेत? आमचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वाड्यांतल्या भजन मंडळांपुढे मोठा पेच आला. टाळ आहेत, पेटी आहे, गळे तयार आहेत. पण गायचे काय? अभंग सुटले होते, नवे गीत अजून पुरते आले नव्हते. हा पेच ज्यांनी सोडवला ते मोठे कवी नव्हते. शाळेत चौथी-पाचवीपर्यंत गेलेल्या, वही-पेन्सिल बाळगणाऱ्या माणसांनी जुन्या चालीवर बुद्ध-भीमाचे नवे शब्द बसवले. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा गावात आणि मुंबईत दोन्हीकडे होत्या, त्यामुळे मुंबईत बसवलेले गाणे मे महिन्यात चाकरमान्यांबरोबर गावी पोचत असे. धर्मांतर नागपुरात झाले, पण ते वाडीच्या अंगणात रुजवले या भजनी मंडळींनी. बारशाला काय म्हणायचे, मयताला काय म्हणायचे, हे लोकांना गाण्यातून कळले.

एक गोष्ट आपणच आपल्याला विचारली पाहिजे. त्या वहीत सातही नावे पुरुषांची का? याला इतिहास आहे. तमाशात, मुरळी-जोगतिणीच्या रूपात, आपल्या जातीच्या बाईचे शरीर आणि गळा गावाच्या करमणुकीला जुंपलेला होता. बाबासाहेबांनी १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये या स्त्रियांना तो धंदा सोडण्याचे आवाहन केले. जलशांनी बाईला मंचावर आणले नाही, स्त्रीची भूमिकाही पोरांनी केली, त्यामागे ही जखम होती. प्रा. शर्मिला रेगे यांनी आणि अलीकडे शैलजा पाईक यांनी तमाशा, जात आणि बाईची इज्जत यांच्या या गुंत्यावर मूलभूत लिहिले आहे. तेव्हाचा तो निर्णय आम्हाला समजतो. पण कारण संपून कित्येक वर्षे झाली आणि सवय मात्र उरली, हे समजत नाही. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले होते. आज कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि लाखो लोक ऐकतात. तरी आमच्या वस्तीत पार्टीच्या तालमीला बायका चहा घेऊन येतात आणि कप उचलून परत जातात. काकांच्या पत्नीला पार्टीची सगळी गाणी पाठ आहेत. कोरस चुकला की त्या आतून म्हणतात, "अहो, ती ओळ आधी नाही." पन्नास वर्षे त्या आतूनच गात आल्या आहेत.

गायन पार्टी मोडली कशी? डीजेने मोडली म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव विसकटले. चाळीतला माणूस एका खोलीतून उठून पाच दिशांना गेला, सातजणांची पार्टी सात उपनगरांत. त्याच सुमारास कॅसेट आली. कॅसेटवर गायकाचे नाव मोठे, कवीचे बारीक, कोरसचे कुठेच नाही. पूर्वी गाणे हवे तर सात माणसे लागत, आता एक टेप पुरेसा झाला. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाला माईक बंद झाला. जो सामना दहाला रंगात यायचा, तो दहाला उठवायची वेळ आली.

आणि द्रोणागिरी? इथे तर गावाचीच मांडणी बदलली. सिडको १९७० ची. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. तो लढा मोठाच होता. पण योजना सातबाऱ्याला जोडलेली. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या नावावर भूखंड कुठून येणार? १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, कंटेनर यार्ड आले, इमारती आल्या. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकलही धावते आणि तिला द्रोणागिरी नावाचे स्टेशन आहे. नाव पुराणातले, संजीवनीच्या डोंगराचे; आमच्या वाट्याला त्यातली मुळी काही आली नाही, हे जाता जाता. नोडमध्ये आज विदर्भाचे, मराठवाड्याचे, खानदेशाचे बौद्ध राहतात. कोणी बंदरात कंत्राटी, कोणी सुरक्षारक्षक, कोणी ट्रेलरवर. पुन्हा पाळ्या, पुन्हा छोट्या खोल्या, पुन्हा गावापासून तुटलेले पुरुष. बीडीडी चाळीत जलसा ज्या मातीत उगवला ती माती इथे तशीच आहे. पण कोणाला कोणाच्या गावची चाल माहीत नाही. नागपूरकडच्या पोराने धरलेली ओळ कोकणातल्या काकांना परकी वाटते.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर फिरल्या, म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली झाले आणि चळवळीतल्या स्त्रियांची नावे आपल्याला मिळाली. झीलकऱ्यांसाठी असे कोणी फिरलेले नाही, आणि त्यांच्या वह्या दर पावसाळ्यात कुजत आहेत. आम्ही उरण आणि पनवेलच्या वाड्यांतून सुरुवात केली आहे. वही मागायची, मोबाइलवर पानन् पान टिपायचे, वही परत द्यायची. मागचे हिशेबाचे पान आधी टिपायचे, कारण नावे तिथेच असतात. तुमच्या घरी माळ्यावर अशी वही असेल तर रद्दीत देण्याआधी एकदा मागचे पान बघा.

त्या बैठकीत शेवटी मिरवणुकीला डीजे आणि सभेला पार्टी, असे ठरले. तडजोडच ती. पार्टीत काका आहेत, दोन ट्रेलर ड्रायव्हर आहेत, नागपूरकडचा तो पोरगा आहे. कोरसला एक माणूस कमी पडत होता. काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, आधी ह्यांना विचारा. काका म्हणाले, मला काय विचारता, ओळी तिलाच पाठ आहेत. रविवारी सहाला तालीम आहे.

जय भीम!