गळक्या इंजिनाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. पण इंजिन विरुद्ध ऑइल ही लढाई मोटारीच्या जन्मापासून चालू आहे, आणि तिचे शिलालेख जुन्या वाड्यांच्या फरशीवर काळ्या अक्षरांत सापडतात.

प्रश्न साधा. फिरता दांडा ज्या भोकातून बाहेर येतो, तिथून ऑइल येऊ द्यायचे नाही. दोर झाला, नमदा झाला, मग चामडे आले. वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही जर्मन कंपनी १८४९ पासून कातडी कमावणारी. ऑइल सीलच्या धंद्यात ती शिरली चामड्याच्याच बळावर! रबराचा मान नंतरचा.

आपली अँबॅसडर १९५७ साली आली. पुढे तिला १४८९ सी. सी.चे ब्रिटिश इंजिन मिळाले, त्याच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच. होते ते दांड्यावरचे आटे, फिरता फिरता ऑइल आत लोटणारे. गाडी थांबली की आटेही झोपत! आमच्या शेजारचे अण्णा तिच्याखाली वर्तमानपत्र अंथरत आणि सकाळी कुठल्या अग्रलेखावर डाग पडला ते बघत.

थेंब पडतो तिथे चोर नसतो, बरे का! ऑइल वरून ओघळते, वाऱ्याने मागे सरकते. थंड इंजिन रॉकेलने पुसून कोरडे करावे, टाल्कम पावडर मारावी, मग चालवून वरून खाली पाहावे. सर्वांत वरचा ओला डाग, तोच चोर. ब्रीदर तुंबला तर आतला दाब धडधाकट सीलमधूनही ऑइल ढकलतो. बिचाऱ्या सीलला उगाच फाशी!

थेंब खपतो हो. कोरडी डिपस्टिक खपत नाही. बेअरिंग जळाले की इतिहास संपतो आणि बिल सुरू होते.