नावडतीचं मीठ, नावडती भाजी



‘नावडतीचं मीठ अळणी’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. मीठ तेच, बरणी तीच, चिमूटही तेवढीच. पण राजाची जिच्यावर मर्जी नाही त्या राणीनं ते घातलं की आमटी अळणी लागते. म्हण सवतींची आहे, पण मला ती भाजीचीही वाटते. आपल्या घरातली नावडती भाजी घ्या. शेपू म्हणा, दोडका म्हणा, कारलं म्हणा. पानात पडायच्या आधीच तिचा निकाल लागलेला असतो.

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की पुढचं बोलणं बहुतेक वेळा पोरांच्या खाण्याचं निघतं. पोरगं भाजीला हात लावत नाही, त्याला पुड्यातले कुरकुरे पाहिजेत. त्याचा बापही पालेभाजी दिसली की लोणच्याची बरणी शोधतो. मग कुणीतरी म्हणतंच, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ म्हणून आज जरा मागं जाऊन बघू. आपल्या वेळी, आजीच्या वेळी आणि त्याच्याही आधी, न आवडणारी भाजी खायला माणसं शिकली कशी?

सुरुवात आपल्याच ताटापासून करू. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. याहून आपल्या परभणीचं जेवण दुसरं कोणतं? पण ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आली, म्हणून आता ती आपली. मिरची आणि भुईमूग हे दोन्ही अमेरिका खंडातले. १४९८ साली वास्को द गामा भारताच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची इथं उतरली. त्याआधी तिखट म्हणजे मिरे आणि पिंपळी. मिरचीचं नावसुद्धा मिऱ्यावरूनच पडलं. म्हणजे बघा, आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंनी मिरचीचा ठेचा कधी चाखलाच नाही. त्यांच्या काळी या देशात मिरचीच नव्हती!

आणि मिरची काय पहिल्या घासाला गोड लागली असेल? ती तर जीभ जाळते. आजही घरोघर बघा. सहा वर्षांचं पोर ठेच्याला बोट लावतं, हाय हाय करतं, तांब्याभर पाणी पितं आणि पुन्हा बोट लावतं. त्याला कुणी ‘खा’ म्हणून बळजबरी केलेली नसते, उलट ‘लावू नको’ असंच म्हणत असतो आपण. पण बाप खातोय, आजोबा खातायत, त्यांच्यात बसायचंय, म्हणून ते शिकतं. न आवडणारी चव माणूस शिकू शकतो याला याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

टोमॅटोला जास्त दिवस लागले. युरोपात पुष्कळ काळ लोक त्याला विषारी समजत आणि शोभेसाठी लावत. आपल्याकडं तो इंग्रजांच्या अमलात पसरला. बंगालीत त्याला ‘विलायती वांगं’ म्हणत. सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत त्याला मज्जाव असे, कारण लाल रस बघून मांसाची आठवण होई. आज टोमॅटो महागला की टीव्हीवर बातमी होते. (उपासाचं तर विचारूच नका. बटाटा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, मिरची, सगळे परदेशातून आलेले पाहुणे एकादशीला चालतात, आणि आपलं जुनं वांगं चालत नाही.)

आता आपल्या सणांकडं येते. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आपल्या मराठवाड्यात हा सण दिवाळीपेक्षा कमी नाही. पुरणाची पोळी, आंबील, कढी, आणि सोळा भाज्या. सोळा भाज्या कुठून आणायच्या, म्हणून मी सून होऊन आले त्या वर्षी रडकुंडीला आले होते. सासूबाईंनी शिकवलं. शेपूची एक काडी, अंबाडीची दोन पानं, पडवळाचा तुकडा, कारल्याची एक चकती, भोपळा, दोडका, गवार, चुका, जे बांधावर, परड्यात मिळेल ते. सोळा मोजायचे आणि एकत्र शिजवायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीलाही तसंच. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि हरभरा, गाजर, वांगं, बोरं, शेंगा यांची मिसळीची भाजी, तिला काही गावांत खेंगट म्हणतात. शेजारी लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला शेतात बसून भज्जी खातात, तीही याच घरातली.

यात शहाणपण काय होतं ते मला फार उशिरा कळलं. शेपू आवडत नाही म्हणणाऱ्यालाही त्या दिवशी शेपू पोटात जायचा, पण काडीभर. कारलं जायचं, पण एक चकती. निवडून बाजूला काढता येत नसे, नि त्या पंगतीत तसं कुणी करतही नसे. पंगत हसतखेळत असे, देवीचा प्रसाद म्हणून खाल्लं जाई, आणि पुढच्या वर्षी तीच चव ओळखीची होऊन परत येई. न रागावता, न मारता शिकवण्याची ही जुनी शाळा होती.

दुसरी शाळा दुष्काळाची. १९७२ चं साल. १८ मे रोजी आपल्या परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच पावसाळ्यात पावसानं दगा दिला. त्याच्या मागची वर्षंही ओढीचीच होती. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली. खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीला माणसं गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. तिच्या भाकरीची आठवण काढली की म्हातारी माणसं आजही तोंड वाकडं करतात.

त्या दिवसांत जे हिरवं दिसेल ते शिजलं. तरोटा, तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर. माझी आजी जिंतूरच्या डोंगराकडची. ती सांगायची, तरोट्याचा पाला उकडून, पाणी पिळून, नुसतं मीठ टाकून खाल्ला. तेल नाही, लसूण नाही, डाळ नाही. रोज तेच. चांगले दिवस आल्यावर आजीनं तरोटा पुन्हा घरात येऊ दिला नाही. पहिल्या पावसानंतर परड्यात इतका उगवायचा, पण ती म्हणायची, ‘ते दिवस परत नकोत बाई.’ मला वाटायचं, आजीला चव आवडत नाही. चवीचा प्रश्नच नव्हता. त्या भाजीला खडी फोडण्याचा वास चिकटला होता.

असं कितीतरी घरांत झालं असणार. रानभाजी म्हणजे गरिबीची भाजी, पाहुणे आल्यावर करायची नाही, पोराच्या डब्यात द्यायची नाही. आईनं लाजेनं लपवलेली भाजी पोरं आवडीनं कशी खातील? गंमत अशी की आता कृषी विभाग दरवर्षी ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो आणि शहरातले लोक कर्टुली, तरोटा पैसे मोजून नेतात. आजी असती तर डोक्याला हात लावून बसली असती.

भेंडीचीही एक गोष्ट इथलीच आहे. भेंडी बुळबुळीत म्हणून नको म्हणणारे प्रत्येक घरात एक-दोन असतात. त्यावर आपले उपाय जुने आहेत. धुऊन कोरडी करायची, झाकण ठेवायचं नाही, चिंच किंवा ताक घालायचं. पण शेतात भेंडीवर हळद्या यायचा, पांढरी माशी तो पसरवायची, पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि अख्खा वाफा जायचा. तेव्हाची नावाजलेली पुसा सावनी ही जातही त्याला बळी पडू लागली होती. परभणीच्या विद्यापीठातले एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी काय केलं, तर भेंडीच्या एका रानटी बहिणीशी पुसा सावनीचा संकर केला. हळद्याला टिकून राहण्याची ताकद त्या रानटीमध्ये होती. पुन्हा पुन्हा संकर करत, निवड करत ती ताकद खायच्या भेंडीत आणली. त्या वाणाचं नाव ‘परभणी क्रांती’. १९८६ साली त्यांचा लेख परदेशातल्या शास्त्रीय मासिकात आला आणि आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या बियाण्यांच्या पिशव्यांवर गेलं. ताटात जिला कुणी विचारत नव्हतं, त्या रानटीनं आवडतीला वाचवलं.

आता शास्त्र काय सांगतं तेही थोडं सांगते, कारण ‘नखरे आहेत’ म्हणून पोरांना धपाटे घालणाऱ्या आपणच असतो. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून एक पावडर हवेत उडाली. शेजारचा माणूस म्हणाला, काय कडू आहे! फॉक्सला मात्र काहीच चव लागली नाही. त्यावरून शोध लागला की काही कडू चवी काही माणसांना जन्मतःच जास्त लागतात, काहींना लागतच नाहीत. तेव्हा एका पोराला कारलं जहर लागतं आणि त्याच्या भावाला लागत नाही, हे खोटं नसतं. तरीही सवय लागते. लहान मुलांना नवी चव आपली वाटायला ती दहा-पंधरा वेळासुद्धा थोडी थोडी चाखावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच म्हणतो, ‘याला आवडत नाही’, आणि बंद करतो.

२००१ साली फिलाडेल्फियात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, काहींना अंगावर पाजताना गाजराचा रस दिला. त्यांच्या बाळांनी पुढं गाजराच्या चवीची पेज तोंड वाकडं न करता खाल्ली. आईनं खाल्लेली चव बाळाला गर्भातच आणि दुधातून कळते. बाळंतिणीला शेपू, मेथी, लसूण खायला घालणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांचा विचार दुधाचा आणि वाताचा होता, पण ओळख नकळत बाळाचीही होत होती. त्याच शहरातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं, साखरेपेक्षाही चांगला. कारलं साखरेत घोळलं तरी कडूच, ही म्हण खरी असेल, पण मीठ चोळून पिळलं तर ते वळणावर येतं हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. नावडतीच्या मिठात इतका गुण होता बघा.

कारल्यावरून ते हादग्याचं, भोंडल्याचं गाणं आठवतं. सून माहेरी जायला विचारते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते. मग वेल वाढायचा, फूल यायचं, कारलं लागायचं, त्याची भाजी व्हायची, तोवर माहेर लांबच. लहानपणी फेर धरून आपण हसत म्हटलं. त्या सुनेला कारलं आवडत होतं का, हे त्या गाण्यात कुणी विचारत नाही.

घरातही कुणी विचारत नाही. नवऱ्याला वांगं आवडतं, थोरल्याला बटाटा, सासऱ्यांना मऊ पाहिजे. सगळ्यांच्या आवडी पाठ असलेली बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा कढईत रस्सा उरलेला असतो, भाजी संपलेली असते. मग ठेचा आणि भाकरी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. एकट्या पालेभाजीनं ते भरून येत नाही. आशाताई देतात त्या गोळ्याही घ्यायच्या, भाजीवर लिंबू पिळायचं, जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही. पण मुळात भाजी आपल्या पानात तर आली पाहिजे.

गेल्या श्रावणात आमच्या गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, तुम्हाला स्वतःला कोणती भाजी आवडत नाही? पोरांची नावडती सगळ्या भराभर सांगत होत्या. स्वतःची विचारल्यावर गप्प बसल्या. एकजण म्हणाली, ‘असं कधी ठरवलंच नाही.’ दुसरी म्हणाली, ‘उरलं ते आवडलं.’ सगळ्यात मोठ्या काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, पाच नातवंडांच्या आजी. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, ‘मला दोडका आवडत नाही. चाळीस वर्षं करतेय, त्यांना आवडतो म्हणून.’ मग स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, ‘मला कर्टुल्याची आवडते. लग्न झाल्यापासून केली नाही.’

पुढच्या बैठकीला आम्ही कर्टुली नेली होती. सगळ्यात आधी काकूंना वाढली.